ओरडणारा जिवंत असतो

४ जून

प्रिय वन्सं,

फोन एकदा तुमच्या भावाच्या हातात गेला की परत कुणाला मिळत नाही, म्हणून माझ्या लग्नापासून आपलं हे पत्रांचंच बरं चाललंय. तर ऐका, तुमची भावजय आता पुढारी घडवणार आहे.

थट्टा नाही करत. गेल्या वर्षी इथली जमीन हलली, शाळेच्या भिंतीला चीर गेली, तेव्हापासून आमच्या चर्चच्या मुख्य कार्यालयाने मनावर घेतलंय. प्रत्येक मंडळीने संकटात धावून जाणारी पथकं उभी करायची आणि त्यांचे प्रमुख आपल्याच लोकांतून तयार करायचे. पाळकसाहेबांनी उपासना संपल्यावर विचारलं, "हे शिकवेल कोण?" अख्खी मंडळी माना वळवून माझ्याकडे बघायला लागली. का, तर मी शाळेत खेळाची बाई आणि माझ्या गळ्यात शिट्टी असते!

मुख्य कार्यालयाने मला आठवडाभर बोलावून घेतलं. दोर, शिड्या, स्ट्रेचर, सगळं करून घेतलं. प्रमुखाने स्वतः हात लावायचा नाही, हात मागे बांधून उभं राहायचं आणि कोण कुठे जाईल ते ठरवायचं, एवढं माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. पण जखमींचा भाग त्यांनी घाईघाईत उरकला. ढिगाऱ्याखाली माणसं जास्त आणि माझ्याकडे हात कमी, तर आधी कुणाकडे पाठवू? विचारलं तर म्हणाले, प्रसंग बघून ठरवा. प्रसंग बघून ठरवायला मी काय देव लागून गेले?

तुम्ही इतकी वर्षं अपघात विभागात काढलीत. मला सोप्या शब्दांत लिहून पाठवा. आमच्यात एक नळवाला आहे, ऑर्गन वाजवणाऱ्या बाई आहेत, बाकी अशीच सगळी आपली साधी माणसं. त्यांना कळेल असं लिहा.

तुमची भावजय

ता. क. ताई, पत्र टाकायला माझ्याकडे आलंय, म्हणून दुकानातूनच लिहितोय. समोर गिऱ्हाईक साबण लावून बसलंय. हिने घरातसुद्धा शिट्टी वाजवायला सुरुवात केली आहे. एक शिट्टी म्हणजे उठा, दोन म्हणजे अंघोळीला जा. मला वाचव. — ढब्बू


१५ जून

प्रिय भावजयबाई,

आधी त्या ढब्बूला सांग, दोन शिट्ट्या झाल्या की खरंच अंघोळीला जा. लहानपणी मी त्याला पायाला धरून न्यायची.

आता तुझा प्रश्न. आमच्या वॉर्डात नवी मुलगी आली की तिला पहिल्याच दिवशी मी एक वाक्य शिकवते. ओरडणारा जिवंत असतो. ओरडायला श्वास लागतो, आणि श्वास चालू आहे म्हणजे आपल्या हातात थोडा वेळ आहे. जो गप्प पडलाय त्याच्याकडे आधी जायचं. त्याची जीभ मागे गेली असेल, नाकातोंडात माती गेली असेल, त्याला वेळ नाही. सगळी नवी माणसं नेमकं उलटं करतात. जो मोठ्याने बोंबलतो त्याच्याभोवती घोळका करतात, आणि कोपऱ्यातला बिचारा कुणाला त्रास न देता जातो.

पण हे अर्धंच झालं. ओरडणाऱ्याला मागे ठेवलं तरी त्याचा आवाज कुणीतरी ऐकत राहिलं पाहिजे. एक माणूस फक्त त्यासाठीच उभा ठेव. आवाज बारीक व्हायला लागला, शब्द तुटायला लागले, की समजायचं, आतून रक्त चाललंय. मग एक क्षण थांबायचं नाही. हे अर्धं विसरलीस तर पहिलं अर्धं शिकवूच नकोस.

आणि सरावाला रुग्ण म्हणून दुसरं कोण शोधतेस? घरात आहे की. मेल्याचं सोंग आणण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. शाळा बुडवायला तो असा काही मरायचा की एकदा खुद्द आईने हंबरडा फोडला होता.

तुझी वन्सं


२ जुलै

प्रिय वन्सं,

तुमच्या वाक्याने आमच्याकडे भांडण लागलं!

मी हॉलमध्ये सगळ्यांना उभं करून सांगितलं, ओरडणाऱ्याला ओलांडून पुढे जायचं. पाळकसाहेब ताडकन उठले. म्हणाले, "बाई, हाक आली की जायचं, हेच आम्ही लहानपणापासून शिकलो आणि शिकवलं. माणूस तुम्हाला हाक मारतोय आणि तुम्ही त्याच्या अंगावरून पलीकडे जाणार? ही माणसं इथे कशासाठी येतात मग?" मग मी म्हटलं, "साहेब, जो हाक मारू शकत नाही त्याच्याकडे कोण जाणार?" ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. शेवटी म्हणाले, "शिकवा. पण मला नाही जमायचं."

कुणालाच जमत नव्हतं. बाकं आडवी करून आम्ही ढिगारा केला. तुमचा भाऊ एका बाकाखाली, बाकीचे दोघेतिघे इकडेतिकडे गप्प पडलेले. शिट्टी वाजली की हा सुरू, "मेलो हो मेलो! दाढी अर्धी राहिली हो!" आणि सगळं पथक त्याच्याकडे! नळवाल्याला प्रमुख केलं होतं. तो मागे हात बांधून उभा राहायचा सोडून स्वतःच बाक उचलायला धावला. मी शिट्टी फुंकून फुंकून दमले. कपाळाला हात लावला.

पण हळूहळू जमलं. याचं श्रेय खरं तुमच्या भावालाच. तो इतका चेकाळून ओरडतो की शेवटी लोक हसायला लागले, आणि हसता हसता त्याला ओलांडून जायला शिकले. आवाज ऐकायला मी ऑर्गनवाल्या बाईंना उभं केलंय. अख्ख्या मंडळीत एवढा तयार कान कुणाचा नाही. कोण बेसूर गातंय ते त्यांना पाठमोरं कळतं. हा पठ्ठ्या त्यांच्यासाठी खास मरतो. आवाज खाली खाली आणतो, "चाललो… चाललो…" आणि मग एकदम शांत. बाई हात वर करतात. तेवढ्यात बाकाखालून येतं, "चहा झाला का?" हॉल नुसता हसून लोळतो. मग आम्ही चहा घेतो.

पूर्वी सरावाला माणसं आणावी लागायची. आता आपणहून येतात.

तुमची भावजय

ता. क. ताई, मी आता प्रसिद्ध झालोय. टपालवाला दाढीला आला की म्हणतो, एकदा मरून दाखवा. मीही दाखवतो. दुकान चर्चच्या बरोबर समोर असल्याने पाळकसाहेबांना वाटतं, कुणाचा तरी गळा कापला. — ढब्बू


११ जुलै

प्रिय भावजयबाई,

वाचून वॉर्डात मोठ्याने हसले. डॉक्टर बघायला लागले.

ढब्बूला सांग, मरायला इतका वेळ लावू नकोस, लोकांना कामं असतात. आणि एक करशील? रुग्ण बदलत जा. कधी नळवाल्याला पाड, कधी तू पड. एकच माणूस एकाच जागी एकाच तालावर मरत राहिला की ते नाटक होतं. लोक मग नाटक शिकतात.

डिसेंबरात सुट्टी मिळतेय. येते, आणि तुझी शिट्टी ऐकते.

तुझी वन्सं


९ ऑगस्ट

वन्सं,

पाळकसाहेबांचा निरोप तुम्हाला मिळाला असेल. फोन बंद आहेत, घाटातला रस्ता खचलाय. तुमच्यासाठी थांबता आलं नाही. गेलेल्या सगळ्यांनाच एकदम मातीत पोचवलं.

जमीन पुन्हा हलली तेव्हा शाळेत दुपारचे वर्ग चालू होते. मुलांना मैदानावर काढलं, सगळी सुखरूप आहेत. आपलं घर उभं आहे. चर्चसमोरची सलूनची इमारत बसली. वरचा मजला खाली आला. तो दुकानात होता.

पत्र टाकायला दुसऱ्या कुणाकडे द्यावं लागतंय. खाली सवयीने जागा सोडली गेली. ती तशीच राहू दे.


२० ऑगस्ट

भावजयबाई,

निरोप मिळाला तेव्हा मी वॉर्डात होते. तुमच्याच भागातली माणसं हेलिकॉप्टरने एकामागून एक येत होती. रस्ता बंद, रजा नाही. हातमोजे बदलायचे आणि पुढचा माणूस घ्यायचा. माझा भाऊ गेला हे मला तीन दिवसांनी कळलं असं म्हण. तोवर मी नुसती ऐकलेली बातमी घेऊन हिंडत होते.

त्याला मी अंगाखांद्यावर वाढवलाय. आई कामावर गेली की तो माझ्याच कडेवर. त्याचा पहिला दात माझ्या खांद्यात रुतला होता. मला काही ऐकायचं नव्हतं, नुसतं रडायचं होतं.

पण काल इथे एक बाई आल्या, पाय मोडलेल्या. तुमच्या रस्त्यावरच्या. ड्रेसिंग करताना सहज बोलल्या, "तो समोरचा न्हावी, काय ओरडत होता बिचारा. कितीतरी वेळ."

कितीतरी वेळ?

तू लिहिलंस, वरचा मजला खाली आला. मला वाटलं, तत्क्षणी गेला असेल. मनाला तेवढंच बरं वाटत होतं. आता मला सगळं हवंय. तो ओरडत होता तर तुमचं पथक कुठे होतं? त्याचा आवाज कोण ऐकत होतं?

मी नर्स आहे. माझ्यापासून लपवू नकोस.


५ सप्टेंबर

वन्सं,

तुम्ही विचारणार हे माहीत होतं. लिहायचं टाळत होते.

पथक तिथेच होतं. सगळ्यात आधी तेच पोचलं. नळवाला प्रमुख झाला. अगदी शिकवलं तसं, हात मागे बांधून उभा राहिला. जमीन अजून मधून मधून थरथरत होती, पण एकही जण गोंधळला नाही. दुकानाच्या पुढच्या बाजूला हा अडकलेला, कमरेवर तुळई. मागच्या बाजूला टपालवाला खुर्चीसकट गाडला गेलेला, तोंडात माती. जिन्यावर वरच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर, शुद्ध नाही. हे दोघे गप्प. हा ओरडत होता.

म्हणून ते आधी त्या दोघांकडे गेले.

ऑर्गनवाल्या बाईंना ऐकायला उभं केलं होतं. त्यांनी शेवटपर्यंत जागा सोडली नाही. आवाज खाली आला, तो त्यांनी ऐकला. मग शांत झाला. त्या थांबून राहिल्या. वन्सं, त्या "चहा झाला का" ची वाट बघत होत्या.

टपालवाला वाचला. डॉक्टरही वाचला. तुमचं हे पत्र घेऊन टपालवालाच दारात आला, हाताला प्लास्टर, एका बाजूची दाढी अजून वाढलेली. तो पत्र देईना आणि मी घेईना. दोघं दारात तसेच उभे होतो.

मुख्य कार्यालयाचा माणूस येऊन गेला. म्हणाला, तुमच्या पथकाने सगळं नियमाप्रमाणे केलं. कौतुक करत होता.


१२ सप्टेंबर

त्या बाईचं तोंड मला दाखवू नकोस.

मंडळीतला सगळ्यात तयार कान! मेल्या कानाला काय आग लावायचीय? मी लिहिलं होतं की नाही, आवाज बारीक झाला की एक क्षण थांबायचं नाही? एवढं एकच काम होतं तिला. उभं राहायचं आणि ऐकायचं. आणि ती हसत उभी राहिली? माझा भाऊ तिच्या डोळ्यांदेखत विझत होता आणि तिला गंमत वाटत होती?

तुला खरं सांगते, ऐक. कमरेवर ओझं पडून आतून रक्त चाललेली माणसं आमच्याकडे दर आठवड्याला येतात. बोलत येतात. आवाज उतरायला लागल्या लागल्या बाहेर काढलं तर त्यातली निम्मीअधिक स्वतःच्या पायांनी घरी जातात. स्वतःच्या पायांनी! त्याला वेळ होता. त्याने ओरडून ओरडून वेळ दिला होता तुम्हाला.

त्या दोघांना काढलं ते बरोबर. त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण दोघं बाहेर आल्यावर कुणीतरी त्याच्याकडे वळायला हवं होतं. तू तिथे असतीस तर असं झालं नसतं. तुला त्याचा खरा आवाज कळला असता. शाळेतल्या मुलांना सांभाळत होतीस, तुझा काय दोष? पण त्या बाईला मी कधी माफ करणार नाही, आणि तूही करू नकोस.


३० सप्टेंबर

वन्सं,

तुमचं पत्र मी कुणाला दाखवलं नाही. पण ऑर्गनवाल्या बाईंना दाखवण्यासारखं आता काही उरलेलंही नाही. त्या दिवसापासून त्यांनी ऑर्गन उघडलेला नाही. उपासनेला येतात, शेवटच्या बाकावर बसतात, आणि सगळे गायला लागले की कान झाकून घेतात. आम्ही आता साथीशिवाय गातो. फार वाईट गातो.

त्यांचा दोष नाही. मला हे तुम्हाला लिहायचं नव्हतं. तुम्ही लिहिलंत ना, मी तिथे असते तर? मी तिथे होते.

मुलं मैदानावर बसवली, दुसऱ्या बाईंच्या ताब्यात दिली आणि धावत सुटले. पोचले तेव्हा ते टपालवाल्याभोवतीच्या विटा काढत होते. मला बघून नळवाल्याने प्रमुखपद माझ्याकडे दिलं. मीच शिकवलेला नियम, मोठी व्यक्ती आली की ताबा तिच्याकडे. मी शिट्टी तोंडात धरली आणि हात मागे बांधले. धुळीत मला तो दिसत नव्हता, पण ऐकू येत होतं. "मेलो हो मेलो! दाढी अर्धी राहिली हो!" शब्दन् शब्द तोच, हॉलमधला.

वन्सं, तुम्हाला काय सांगू, मला किती बरं वाटलं. धावत येताना अख्ख्या रस्त्यात मी त्याला मेलेला बघत आले होते. आणि हा आपला जिवंत, वर थट्टा करतोय! मी बाईंना विचारलं, "कसा आहे?" त्या म्हणाल्या, "नेहमीसारखा." आणि मी हसले. नळवालाही हसला. हसून आम्हाला जोर आला. टपालवाल्याला आम्ही त्या जोरावर बाहेर ओढला.

मग डॉक्टरकडे वळलो. मागून "चाललो… चाललो…" येत होतं. मी मनात म्हटलं, मेल्या, आत्ता तरी पुरे कर. घरी गेल्यावर चांगली खरडपट्टी काढते तुझी.

त्याचा खरा आवाज मला कळला असता, असं तुम्हाला वाटतं. त्याने खरा आवाज आम्हाला हॉलमध्ये इतक्या वेळा ऐकवला होता की आता तो आम्हाला खोटा वाटला. रुग्ण बदलत जा, असं तुम्ही लिहिलं होतंत. मी नाही बदलला. तो पडला की लोक यायचे. मला लोक हवे होते.

आता आणखी एक गोष्ट मला पोखरतेय. त्या खुर्चीत टपालवाला खरंच अर्धी दाढी होऊन बसला होता. तो थट्टा करत नसेल. आत आणखी एक माणूस आहे, गप्प आहे, आधी त्याच्याकडे जा, असं तो आम्हाला आमच्याच भाषेत सांगत असेल. मला कधीच कळणार नाही. कुणाला विचारू?

रागवायचं तर माझ्यावर रागवा. मी पत्राची वाट बघणार नाही.


२० ऑक्टोबर

प्रिय भावजयबाई,

उत्तराला उशीर झाला. कामाचा फार ताण आहे.

मागच्या पत्रात मी रागाच्या भरात जे लिहिलं ते बरोबर नव्हतं. नंतर मी इथल्या मोठ्या डॉक्टरांशी सविस्तर बोलले. तुळई कमरेवर होती, म्हणजे ओझं काढल्यावर रक्तस्राव आणखी वाढला असता. अशा रुग्णांना घटनास्थळी वाचवणं जवळजवळ अशक्य असतं. तुम्ही आधी गेला असतात तरी परिणाम हाच झाला असता. तेव्हा तू स्वतःला त्रास करून घेऊ नकोस.

ऑर्गनवाल्या बाईंनाही माझा नमस्कार सांग आणि हे कळव.

हवा बदलतेय. तब्येतीला जप.

तुझी वन्सं


१८ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र पोचलं. इतकी वर्षं तुमची पत्रं वाचतेय. वॉर्डात उभ्या उभ्या लिहिलेली, वाकडीतिकडी, शाई फुटलेली. हे पत्र मात्र शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहावा तसं आलं. एक खाडाखोड नाही. तुम्ही आधी ते वेगळ्या कागदावर लिहून बघितलं असणार. तुम्ही खोटं लिहिता तेव्हा अक्षर फार छान येतं, वन्सं. रागाचं पत्रच खरं होतं. तरी हे लिहायला तुम्हाला किती जड गेलं असेल ते मला कळतं. बाईंना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली. त्यांनाही कळलं असावं. कान तयार आहे ना.

मुख्य कार्यालयाने पुन्हा माणूस पाठवला. शेजारच्या मंडळ्यांना आमच्यासारखी पथकं हवी आहेत. आमचं नाव झालंय. जगलेल्या दोघांमुळे. पाळकसाहेब म्हणाले, "बाई, नाही म्हणा. कुणी तुम्हाला बोल लावणार नाही." मग जरा थांबून म्हणाले, "आणि शिकवलंत, तर त्या वेळी मी भांडलो होतो तसं आता भांडणार नाही. टपालवाला रोज माझ्या दारावरून जातो."

मी काय करू, वन्सं? नियम खोटा असता तर किती बरं झालं असतं. फाडून टाकला असता. पण तो खराच आहे. टपालवाला चालतोय, डॉक्टर लोकांचे दात काढतोय. मी कुठल्या तोंडाने सांगू, की आधी ओरडणाऱ्याकडे जा?

काल शिकवला. त्याच हॉलमध्ये, तीच बाकं आडवी करून. नवी माणसं, सोबत आमचे जुने. रुग्ण व्हायला कुणी तयार होईना. त्या बाकाकडे कुणी बघेनासुद्धा. शेवटी शिट्टी नळवाल्याच्या गळ्यात घातली आणि मीच जाऊन खाली पडले. त्याच्या जागेवर. फरशी इतकी गार असते हे तो कधी बोलला नव्हता.

ओरडायचं ठरवलं होतं तेवढंच ओरडले आधी. वाचवा, वाचवा, असंच काहीतरी. मग काय झालं कुणास ठाऊक, थांबताच येईना. त्याला हाका मारायला लागले, वन्सं. घरात मारायची तशा. त्या दिवसापासून एकदाही मोठ्याने रडले नव्हते, ते सगळं तिथे बाहेर पडलं. मी खरी ओरडत होते. हॉलमधल्या प्रत्येकाला ते कळत होतं. नव्यांतली एक मुलगी थबकली, तर नळवाल्याने तिला हाताने पुढे काढलं. तो स्वतः रडत होता. एकामागून एक सगळे मला ओलांडून गेले, पलीकडच्या गप्प माणसाकडे.

कुणी थांबलं नाही. अगदी बरोबर केलं त्यांनी. मी सगळ्यांना पूर्ण गुण दिले.

फक्त आवाज ऐकायच्या जागेवर कुणी नव्हतं. ऑर्गनवाल्या बाई तर नाहीच म्हणाल्या, दुसरंही कुणी तिथे उभं राहायला धजत नाही. सगळे म्हणतात, बाई, काहीही सांगा, हे नको. तुम्ही सांगितलेलं अर्धं मला शिकवता येतंय, उरलेलं अर्धं येत नाही. आणि तुम्हीच लिहिलं होतंत, ते अर्धं नसेल तर पहिलं शिकवूच नकोस. तरी मी शिकवलं.

माझा आवाज आता बसलाय. काल संध्याकाळपासून घशातून शब्द फुटत नाही. घरात बोलायला कुणी नाही म्हणून ते कुणाला कळलंही नाही.

डिसेंबरात येते म्हणाला होतात. उतरत चाललेला आवाज तुम्हाला ओळखता येतो. ती जागा रिकामी आहे, वन्सं. घाटातला रस्ता आता खुला झालाय.

तुमची भावजय